‘फास्ट फूड नेशन’ भाच्यासोबत पाहिला

माझ्या डाव्या मनगटाच्या वर बोटभर लांबीचा काळपट डाग आहे. एफवायला असताना पुण्यात एका बर्गरच्या दुकानात संध्याकाळची शिफ्ट करायचे, तेव्हा फ्रायरची बास्केट उचलताना भाजलं होतं. आता माझा भाचा बारावीनंतर तशाच एका दुकानात लागलाय. म्हणून रविवारी त्याला शेजारी बसवून ‘फास्ट फूड नेशन’ पुन्हा पाहिला.

सिनेमा २००६ चा, दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटर. एरिक श्लॉसरच्या २००१ सालच्या शोधपत्रकारितेच्या पुस्तकावर बेतलेला आहे, पण माहितीपट नाही. लिंकलेटर आणि श्लॉसर या दोघांनी मिळून त्यातून एक गोष्ट रचली आहे. कोलोरॅडोतलं कोडी नावाचं काल्पनिक गाव. ‘मिकीज’ या बर्गर कंपनीच्या मांसात शेणाचे अंश सापडलेत, म्हणून मार्केटिंगचा साहेब डॉन (ग्रेग किनियर) मांस पुरवणाऱ्या कारखान्यात चौकशीला येतो. कारखान्याचे लोक त्याला स्वच्छ, चकचकीत तेवढाच भाग फिरवून दाखवतात. खरं काय ते त्याला गावातला एक जुना गुरंपालक सांगतो. आत कामाचा वेग इतका असतो की आतडी नीट काढायलाच वेळ मिळत नाही, आणि त्यातलं शेण मांसाला लागतं.

हे कल्पनेतलं भय नाही. १९९३ साली अमेरिकेत नीट न शिजलेल्या बर्गरमधल्या ई. कोलाय या जिवाणूमुळे सातशेहून जास्त माणसं आजारी पडली आणि चार मुलं दगावली. सिनेमात ब्रूस विलिस एकाच प्रसंगात येतो. समोर बसून बर्गर खातो आणि डॉनला समजावतो की शेण असेना का, नीट शिजवलं की झालं. त्या पाच-सात मिनिटांत तो जरासुद्धा आवाज चढवत नाही. मला तो प्रसंग कत्तलखान्यापेक्षा भयंकर वाटतो.

पण माझ्या मते हा सिनेमा शेणाचा नाहीच, तो वेगाचा आहे. मेक्सिकोतून वाळवंट तुडवत चोरून सीमा ओलांडून आलेले राउल, सिल्व्हिया आणि तिची बहीण कोको, यांच्यावर कॅमेरा थांबतो तेव्हा सिनेमा खरा उभा राहतो. कारखान्यातली मजुरी त्यांच्या गावाच्या मानाने इतकी जास्त की नाही म्हणवत नाही. सिल्व्हियाला ते वातावरण सोसत नाही, ती हॉटेलात खोल्या साफ करायला लागते. पुढे एका सहकाऱ्याचा पाय यंत्रात अडकतो, त्याला वाचवायला गेलेला राउल पडून जायबंदी होतो. कंपनी म्हणते, तो नशेत होता. विषय संपला. आता पोट भरायला सिल्व्हियालाच त्या कारखान्याच्या दारात, तिथल्या नीच मुकादमाकडे जावं लागतं. कातालीना सांदिनो मोरेनोने हे काम फार थोड्या शब्दांत केलंय. पहिल्या दिवशी ती रबरी बूट घालून आत शिरते, तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. तो भाग मेक्सिकोतल्या खऱ्या कत्तलखान्यात चित्रित केलाय. जेवताना बघू नका आणि लहान मुलांना दाखवू नका.

काउंटरवरची अँबर (अ‍ॅशली जॉन्सन) मला सगळ्यात जवळची. शाळा सांभाळून शिफ्ट करणारी, गणवेश नीटनेटका ठेवणारी, मनापासून काम करणारी पोरगी. त्या काळात अमेरिकेत केंद्र सरकारचं किमान वेतन तासाला सव्वापाच डॉलरलाही थोडं कमीच होतं, आणि १९९७ पासून ते वाढलेलं नव्हतं. घरी गेल्यावर केसांना तेलाचा वास किती दिवस राहतो हे मला ठाऊक आहे. दोनदा शाम्पू केला तरी उशीला तो वास यायचाच. फ्राइज झाल्या की वाजणारा टायमर मला झोपेतही ऐकू यायचा.

सिनेमात कमतरता आहेत. डॉन अर्ध्यावरच गोष्टीतून निघून जातो, त्याच्या मनात पुढे काय झालं हे कळायची ओढ तशीच राहते. ईथन हॉकचा मामा आणि कॉलेजची कार्यकर्ती मुलं जरा जास्तच भाषण करतात. पण तीच मुलं रात्री कारखान्याच्या गोठ्याचं कुंपण तोडतात आणि गुरं जागची हलत नाहीत, तो प्रसंग मी विसरू शकत नाही. वाट मोकळी आहे, पोरं हाकलतायत, ओरडतायत, आणि जनावरं नुसती उभी. इथे भाचा पहिल्यांदा बोलला. “मावशी, आमच्याकडे ब्रेक असला तरी कुणी बसत नाही.”

मी त्याला डागाची गोष्ट तेव्हा सांगितली. भाजल्यावर माझा हात नळाखाली धरला आणि पंधरा मिनिटांनी मला कॅश काउंटरवर उभं केलं. डॉक्टरचे पैसे बाबांनी भरले. नोंद कुठेच झाली नाही. एकोणिसाव्या वर्षी मला वाटलं, चूक माझीच, बास्केट नीट धरली नव्हती. राउलला नशेत ठरवतात तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा इतक्या वर्षांनी मला त्या मॅनेजरचा राग आला. तोवर आला नव्हता, याचंही वाईट वाटलं.

सिनेमा गाजला नाही. तो सुटका करत नाही, हे एक कारण असावं. माझ्याकडून पाचापैकी चार तारे. ज्यांच्या घरातलं कुणी पोरगं काउंटरवर, किचनमध्ये किंवा डिलिव्हरीच्या गाडीवर आहे, त्यांनी तर बघाच, आणि त्याच्यासोबत बघा.

काल भाच्याने नेमणूकपत्राचे फोटो पाठवले. तीन पानं आहेत. गणवेश परत करण्यावर एक सबंध परिच्छेद आहे, काम करताना इजा झाली तर काय, यावर एक ओळ नाही. पगारातून ईएसआयची (म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची) कपात होते का, हे तो उद्या शिफ्टच्या आधी विचारणार आहे.