मस, तीळ, गाठ : बांधायचं, जाळायचं की कापायचं?

आमच्याकडे विदर्भात गळ्याला लोंबणाऱ्या बारक्या मांसाला मस म्हणतात, बोटावरच्या खरबरीत चामखिळीला मस म्हणतात, आणि नाकावरच्या उंच काळ्या तिळालाही मसच म्हणून मोकळे होतात. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. तिन्हींचं नाव एक असलं तरी इलाज एक नाही.

पहिला पर्याय घरचा. घोड्याचा केस बांधायचा, चुना-सोडा लावायचा, नाहीतर बिब्बा. माझ्या मावशीला शेजारणीनं सांगितलं, "बिब्बा लाव वं, दोन दिवसांत झडून जाते पाह्य." मस झडला, खरी गोष्ट आहे. पण भोवतालची रुपयाएवढी कातडी उतली, पाणी सुटलं, आणि मानेवरचा तो काळा डाग अजून आहे. बिब्ब्याचं तेल मस कोणता आणि चांगली कातडी कोणती हे ओळखत नाही. बारीक देठाचा लोंबता मस दोऱ्यानं सुकून पडतो, हे नाकारत नाही. तरी तो पिकला तर दवाखाना चुकत नाहीच. चामखिळीला हे काहीच करू नये. ती विषाणूमुळे होते, खरवडली की आजूबाजूला पसरते. लेकरांच्या हातावरची चामखीळ तर बरेचदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते.

दुसरा पर्याय मशीननं जाळणं. कॉटरी म्हणा, लेझर म्हणा, निवड करणाऱ्याच्या दृष्टीनं दोन्हींची जात एकच. सुईनं जागा बधिर करतात, काही मिनिटांचं काम, बहुतेक वेळा टाका नाही, त्याच दिवशीच्या एसटीनं घरी. मानेवर, काखेत पाच-पंचवीस मस असतील तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. (एवढे मस एकदम आले असतील तर जाळण्याआधी रक्तातली साखर तपासा, मधुमेहाशी त्यांचं नातं आहे.) लेझरचं बिल जास्त येतं, पण साध्या मसासाठी त्यानं फार वेगळं काही पदरात पडतं असं मला वाटत नाही. बर्फासारखी फवारणी हाही एक प्रकार आहे. त्यातला द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो आणि चामखिळीवर चांगला चालतो. मात्र थंडीनं कातडीचा रंग बनवणाऱ्या पेशी मरतात, म्हणून सावळ्या अंगावर पांढरा ठिपका राहू शकतो. गावात पांढरा ठिपका दिसला की लोक कोड म्हणून बघायला लागतात. लग्नाच्या पोरीच्या चेहऱ्यावर हे करायच्या आधी दोनदा विचार करावा.

तिसरा पर्याय कापून काढणं. टाके पडतात, रेघेसारखा व्रण राहतो, खेपा वाढतात. तरी काळ्या तिळाच्या बाबतीत मी याच बाजूचा आहे, आणि कारण व्रणाचं नाही. कापलेला तुकडा बाटलीत घालून तपासणीला पाठवता येतो. जाळलेल्याचा धूर होतो, तपासायला मागे काही उरत नाही. शिवाय तीळ वरवर जाळला आणि मुळाशी थोडा राहिला तर तो पुन्हा उगवतो, वेडावाकडा. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघणाराही बुचकळ्यात पडतो.

कोणता तीळ जाळूच नये? एक बाजू दुसरीशी जुळत नाही, कडा फाटक्या, रंग दोन-तीन प्रकारचे, आकार ६ मिलिमीटरहून मोठा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अलीकडे बदलायला लागलेला. खाजतो, रक्त येतं, तोही यातच. तिळाचा कॅन्सर आपल्याकडे क्वचित होतो, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली. वावरात अनवाणी फिरणारा माणूस त्याला बाभळीचा काटा रुतल्याचा डाग समजतो आणि वर्ष घालवतो. असा डाग घेऊन ब्युटी पार्लरात तर चुकूनही जाऊ नका.

चरबीची गाठ आणि कातडीखालची पिशवीची गाठ यांत निवडीचा प्रश्नच नाही, काढायची तर कापूनच. पिशवी पूर्ण निघाली नाही तर गाठ परत भरते, आणि पिकलेली असताना ती कापून काढत नाहीत. आणि हो, डाग सपाट, फिकट आणि सुन्न असेल तर काढायचं काहीच नाही. कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, चंद्रपूर-गडचिरोलीकडे तो अजून सापडतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं, माणूस पूर्ण बरा होतो.

छातीवर, खांद्यावर किंवा कानाच्या पाळीवर काही काढायचं असेल तर आधी आठवा, जुनी जखम कधी फुगून घट्ट झाली होती का? त्या जागी व्रण वाढतो. नुसतं दिसण्यासाठी काढायचं असेल तर मी तिथं राहूच देईन.

कुठे जायचं? आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. साधी गाठ तिथं निघू शकते. शंकेचा तीळ असेल तर वर्ध्याजवळची सेवाग्राम आणि सावंगीची मेडिकल कॉलेजं, नागपूरचं मेडिकल, किंवा यवतमाळ-अकोल्याचं सरकारी कॉलेज, कारण कातडीचे डॉक्टर, सर्जन आणि तुकडा तपासणारे एकाच आवारात मिळतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका.

दिवस निवडताना पिकाकडेही बघा. चेहऱ्याचे टाके ५ ते ७ दिवसांत निघतात, पाठीचे आणि पायाचे १० ते १४ दिवस राहतात. तेवढ्यात पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी नको, पाठीवर पंप नको. मे महिन्याच्या उन्हात ताजा व्रण काळवंडतो आणि घामानं जखम ओली राहते, त्यामुळे घाई नसेल तर वेचणी आटोपल्यावरचे थंडीचे दिवस बरे. टाके काढायला पुन्हा शंभर किलोमीटर जायची गरज नसते. डॉक्टरांकडून कागदावर तारीख लिहून घ्या, गावाजवळच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर काढून देते. तुकड्याचा रिपोर्ट आणायला मात्र कोणीतरी जावंच लागतं.