मिलवॉकीची सॅमन-बोट: पैसे नेमके कशाचे द्यायचे

गेल्या जुलै महिन्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहरात मुलाकडे राहायला गेलो असताना मिशिगन सरोवरात सॅमन आणि ट्राउट मासे धरण्यासाठी आम्ही पाच तासांची एक चार्टर बोट, म्हणजे कप्तानासह भाड्याने मिळणारी बोट, ठरवली. मी, माझा मुलगा, त्याचा मूळचा निपाणीचा मित्र आणि अकरा वर्षांचा नातू असे आम्ही चौघे होतो. परत आल्यापासून बेळगावच्या उद्यमबागेतील स्नेह्यांनी आणि मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या काही ज्येष्ठांनी या सफरीबद्दल इतक्या वेळा विचारले की, जे आवडले आणि जे खटकले ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. बोटीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्या बंदरात याच पद्धतीने काम करणाऱ्या अनेक बोटी आहेत आणि मला सांगायचे आहे ते त्या पद्धतीविषयी.

आपल्याकडे मासेमारीचा छंद म्हणजे एका जागी बसून वाट पाहणे. मी लहानपणी कंग्राळीच्या बाजूला मार्कंडेय नदीवर गळ टाकून बसत असे, भाताच्या खाचरांत बेडकाचे आमिष लावून मरळ धरत असे आणि पुढे कधीमधी हिडकलच्या जलाशयाच्या काठावर दिवस घालवला आहे. गळ आपल्या हातात असतो, मासा यायचा तेव्हा येतो. मिशिगन सरोवरात या पद्धतीचा काहीही उपयोग नाही. सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर पसरलेल्या आणि सर्वात खोल जागी २८१ मीटर खोली असलेल्या त्या पाण्यात मासा कोठे आहे हे आधी शोधावे लागते, आणि शोधता शोधताच त्याच्यासमोरून आमिष न्यावे लागते. चालत्या बोटीमागे अनेक गळ एकाच वेळी, वेगवेगळ्या खोलीवर ओढत नेण्याच्या या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात.

उन्हाळ्यात या सरोवराचे पाणी थरांचे बनते. आम्ही गेलो त्या दिवशी वरचे पाणी सुमारे १९ अंश सेल्सिअस होते, तर साठ फुटांखाली ते ११ अंशांवर आले होते. चिनूक सॅमनला साधारण १० ते १३ अंशांचे पाणी मानवते, स्टीलहेड म्हणजे सरोवरात राहणारा रेनबो ट्राउट त्याहून थोड्या उबदार पाण्यात आणि पुष्कळदा वरच्या थरात सापडतो, तर लेक ट्राउट तळाजवळच्या अधिक थंड पाण्यात राहतो. हा थंड थर रोज एकाच खोलीवर नसतो. दक्षिणेकडून किंवा पश्चिमेकडून सलग वारा वाहिला की मिलवॉकीच्या किनाऱ्यालगतचे गरम पाणी आत ढकलले जाते आणि खालचे थंड पाणी वर येते. वारा फिरला की हे चित्र उलटते. त्यामुळे काल ज्या खोलीवर मासे लागले ती खोली आज निरुपयोगी ठरू शकते, आणि कप्तानाचे अर्धे कौशल्य या रोजच्या बदलाचा अंदाज घेण्यात आहे.

पहाटे पावणेपाचला बोट सुटली. आधी मदतनीसाने जीवरक्षक जाकिटे कोठे आहेत, चालत्या बोटीत कोठे उभे राहू नये आणि नातवाने जाकीट शेवटपर्यंत का काढायचे नाही हे शांतपणे समजावून सांगितले. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा परवाना असलेल्या कप्तानाच्या अशा लहान बोटीवर जास्तीत जास्त सहा पाहुणे घेता येतात आणि तो नियम काटेकोरपणे पाळला जातो. अर्ध्या तासाने, साधारण दीडशे फूट खोल पाण्यावर पोहोचल्यानंतर, वेग कमी करून गळ सोडायला सुरुवात झाली. मी तीस वर्षांहून अधिक काळ वर्कशॉप चालवले आहे, त्यामुळे तेथून पुढे माझे लक्ष माशांपेक्षा यंत्रावर अधिक होते, हे मान्य करतो.

डाउनरिगर नावाचे हे यंत्र पाहण्यासारखे आहे. बोटीच्या मागच्या कडेवर एक आडवा दांडा, त्यामागे विजेच्या मोटरवर फिरणारी चक्री, चक्रीवर गुंडाळलेली पोलादी तार आणि तारेच्या टोकाला दहा ते बारा पौंडांचा, म्हणजे साडेचार ते साडेपाच किलोंचा, शिशाचा ओतीव गोळा. गोळा पाण्यात आडवा-तिडवा फिरू नये म्हणून त्याच्या मागे माशाच्या शेपटीसारखा पंख ठेवलेला असतो. गळाचा दोर गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवतात आणि गोळ्याबरोबर हव्या त्या खोलीवर सोडतात. किती फूट तार गेली ते मोजपट्टीवर दिसते. मासा आमिषावर झडपला की दोर चिमट्यातून सुटतो, ताणाने वाकलेली गळाची काठी एकदम सरळ होते आणि लगेच दुसऱ्यांदा, या वेळी माशाच्या ओढीने, वाकते. म्हणजे गोळ्याचे वजन आमिषाला खाली नेते, पण मासा ओढताना ते वजन दोरावर राहत नाही. इतकी साधी आणि इतकी अचूक रचना मला फार दिवसांनी पाहायला मिळाली.

त्यातही एक खोच आहे. बोट पुढे जात असल्यामुळे तार सरळ खाली न जाता मागे कलते, म्हणून मोजपट्टीवरचा आकडा म्हणजे खरी खोली नव्हे. तार वीस अंशांनी कलली असेल तर शंभर फूट तारेवर गोळा चौऱ्याण्णव फुटांवरच असतो. कप्तानाला मी हे विचारले तेव्हा त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिले आणि त्यानंतर तो प्रत्येक बदलाचे कारण मला आपणहून सांगू लागला. त्याच्या एका गोळ्यावर तापमान आणि वेग मोजणारे उपकरण बसवलेले होते. बोटीचा वेग पडद्यावर ताशी २.६ मैल दिसत असताना साठ फुटांखाली गोळ्याजवळचा वेग २ मैलच होता, कारण खालचा प्रवाह वरच्यापेक्षा वेगळ्या दिशेने वाहत होता. चमचा, म्हणजे धातूच्या पत्र्याचे चकचकीत आमिष, ठरावीक वेगातच जखमी माशासारखा हेलकावे खातो. वेग कमी पडला तर तो नुसता ओढला जातो आणि जास्त झाला तर गरगर फिरू लागतो. कप्तानाने बोटीची दिशा बदलली, खालचा वेग अडीच मैलांवर आणला आणि पाऊण तास गप्प असलेल्या काठ्यांपैकी दोन पुढच्या दहा मिनिटांत वाकल्या. हा योगायोगही असू शकेल, परंतु सकाळभरात तीन वेळा असेच घडले.

डाउनरिगरशिवाय आणखी दोन प्रकारे गळ सोडले होते. एकात दोराला प्लॅस्टिकची तिरपी तबकडी लावतात, जी पाण्याच्या दाबाने खाली आणि बाजूला सरकत जाते. दुसऱ्यात शिशाची तार आत भरलेला विणलेला दोर असतो आणि दर दहा यार्डांना त्याचा रंग बदलतो, त्यामुळे किती रंग सोडले यावरून खोलीचा अंदाज येतो. मंद वेगात एका रंगाला साधारण पाच फूट असे गणित त्यांनी सांगितले. विस्कॉन्सिन राज्यात या सरोवरावर परवानाधारकाला तीन गळ वापरता येतात. आम्ही नऊ सोडले होते आणि वळण घेताना एकही दोर दुसऱ्यात गुंतला नाही, याचे श्रेय त्या तरुण मदतनिसाला दिले पाहिजे.

अंधार असेपर्यंत अंधारात चमकणारे चमचे होते, उजाडल्यावर निळे-हिरवे-रुपेरी आले. पहिला मोठा मासा साडेपाचच्या सुमारास लागला. तो चिनूक होता आणि त्याने एका दमात ऐंशी मीटरांहून अधिक दोर ओढून नेला. रिळातील घर्षणाच्या चकत्या किती घट्ट ठेवायच्या हे मदतनिसाने ठरवूनच दिले होते, त्यामुळे दोर तुटला नाही. वीस मिनिटांनी जो मासा जाळीत आला त्याचे वजन चौदा पौंड भरले. नातवाला स्टीलहेड मिळाला आणि तो मासा पाण्याबाहेर चार वेळा उसळला. त्या मुलाचा चेहरा मी कधीही विसरणार नाही. सकाळअखेर आमच्याकडे दोन चिनूक, तीन कोहो (हाही सॅमनचाच एक प्रकार), एक स्टीलहेड आणि तळाजवळून आलेला एक लेक ट्राउट असे सात मासे होते. माणशी पाचांची मर्यादा आहे. ती गाठली नाही याचे मला वाईट वाटले नाही.

हे सॅमन तेथले मूळचे नाहीत, हेही कप्तानाकडूनच कळले. ते प्रशांत महासागराच्या बाजूचे मासे. समुद्रातून कालव्यांच्या वाटेने शिरलेल्या सी लॅम्प्रे नावाच्या रक्तशोषक माशाने आणि अतिमासेमारीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लेक ट्राउट जवळजवळ संपला, खाणारा मोठा मासा उरला नाही म्हणून एलवाइफ नावाचा छोटा मासा अफाट वाढला, आणि १९६७ साली मेलेल्या एलवाइफचे ढीग किनाऱ्यांवर लागले. मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक सॅमनची पिल्ले सोडण्यात आली. हे ऐकताना मला आपले जलाशय आठवले. कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज आपल्याकडेही बाहेरून आणूनच सोडले जाते. फरक इतकाच की आपण ते पोटासाठी सोडतो आणि त्यांनी ते बिघडलेला तोल सावरण्यासाठी सोडले.

आता खटकलेल्या गोष्टी. पाच तासांचे सुमारे सातशे डॉलर ठरले होते, पण मासेमारीचा परवाना आणि ग्रेट लेक्ससाठीचा, म्हणजे मिशिगनसारख्या तिथल्या मोठ्या सरोवरांसाठीचा, सॅमन-ट्राउट शिक्का (परवान्याला जोडायची जादा परवानगी) प्रत्येक प्रौढाने स्वतः काढायचा असतो, हे आरक्षणाच्या वेळी स्पष्ट सांगितले गेले नाही. आदल्या रात्री मुलाची धावपळ झाली. सोळा वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही. मदतनिसाला भाड्याच्या पंधरा ते वीस टक्के बक्षिसी देण्याची तेथे रीत आहे आणि तीही हिशेबात आधीच धरावी. बोटीवरील शौचकूप अत्यंत अरुंद होते, आणि गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला हलत्या बोटीत ते वापरणे कठीण जाईल, म्हणून पत्नी आली नाही ते बरेच झाले. जुलै असूनही पहाटेचा वारा आपल्या चोर्ला घाटातल्या ओल्या गारठ्यासारखा अंगात शिरतो. मुलाच्या मित्राने उलटीची गोळी बोट हलू लागल्यावर घेतली आणि तिचा काहीही उपयोग झाला नाही. ती निघण्यापूर्वी घ्यायची असते.

माझी सर्वात मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. मासा लागल्यावर काठी खोबणीतून काढून पाहुण्याच्या हातात देण्याचे काम मदतनीस करतो, तोपर्यंत बोटीच्या वेगाने गळ रुतलेला असतो, आणि आपल्याकडे उरते ते फक्त रीळ फिरवणे. ज्याने मरळीचा पहिला हिसका स्वतःच्या बोटांवर घेतला आहे त्याला हे अपुरे वाटणारच. मी तसे बोलून दाखवले, तेव्हा कप्तानाने कसलाही त्रास न मानता एक काठी पूर्णपणे माझ्याकडे सोपवली: चमचा निवडण्यापासून, दोर चिमट्यात अडकवण्यापासून, गोळा खाली सोडण्यापर्यंत. त्या काठीला दीड तासाने एक कोहो लागला, जेमतेम चार पौंडांचा, आणि मला तो चौदा पौंडांच्या चिनूकपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. म्हणून जाणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, शिकण्याची इच्छा आहे हे आरक्षण करतानाच कळवावे. न विचारणाऱ्या पाहुण्याला ही मंडळी मासा देतात, विचारणाऱ्याला विद्या देतात, आणि सातशे डॉलर खऱ्या अर्थाने तेथे वसूल होतात.

बंदरावर परतल्यावर मासे साफ करून, काटे काढून, पिशव्यांत बर्फासह भरून मिळाले. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. सुनेने राज्याच्या आरोग्यविषयक सूचना वाचून काढल्या होत्या. या सरोवरातील मोठ्या माशांच्या चरबीत पीसीबी नावाची जुनी औद्योगिक रसायने साठतात, म्हणून लहान मुलांनी आणि तरुण स्त्रियांनी ते किती वेळा खावेत यावर मर्यादा सुचवलेली आहे, आणि कातडी व चरबी काढून टाकावी असेही सांगितले आहे. आम्ही कोहो आमसूल, लसूण आणि लाल तिखट लावून तव्यावर भाजला. तो स्वतःच्याच तेलात शिजतो, त्यामुळे सुरमईसारखा रव्यात घोळून तळण्याची गरज नाही. लेक ट्राउटचा रस्सा मात्र तेलकट आणि उग्र झाला. तेथले लोक तो धुरावर भाजतात, ते योग्यच आहे.

डाउनरिगर आणून हिडकलमध्ये वापरता येईल का, असे दोघांनी विचारले. माझ्या मते तो खर्च करू नये. कटला वरच्या थरातील सूक्ष्म जीव गाळून खातो आणि मृगळ तळातले वेचतो; हे मासे चमच्याच्या मागे धावत नाहीत. चमच्यावर झडप घालणारे आपले मासे म्हणजे महासीर आणि मरळ, आणि ते उथळ पाण्यात किंवा वाहत्या प्रवाहात असतात, तेथे पाच किलोंचा गोळा सोडायला खोलीच नसते. शिवाय जलाशयातील मासेमारीचे हक्क ठेक्याने किंवा परवान्याने दिलेले असतात, तेव्हा बोट घालण्यापूर्वी मत्स्यखात्याच्या कार्यालयात विचारणे आवश्यक आहे. मी स्वतः तेथून फक्त दोन लहान चमचे आणले आहेत. पाऊस ओसरून मलप्रभेचे पाणी निवळले की खानापूरच्या बाजूला, काठावर उभा राहून, ते मरळीसाठी फेकून पाहणार आहे.