पर्सनल ट्रेनरची परीक्षा आणि फ्लॅशकार्डं: पाच महिन्यांचा अनुभव

अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज, म्हणजे एसीईच्या पर्सनल ट्रेनर परीक्षेसाठी मी पाच महिने एक फ्लॅशकार्ड अ‍ॅप वापरलं. चुकलेलं कार्ड लगेच पुन्हा समोर येतं, जमलेलं काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी. कल्पना एवढीच. पास झाले, म्हणून आता निवांत लिहितेय.

पाठांतरासाठी अ‍ॅप उत्तम. रोटेटर कफचे, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणारे, 4 स्नायू जाड पुस्तकात तीनदा वाचून तीनदा विसरले होते. कार्डांवर पंधरवड्यात पक्के झाले. दांडी मात्र चालत नाही. दोन दिवस गेले की दीडशे कार्डं थकतात आणि ती थकबाकी बघून तिसऱ्या दिवशी अ‍ॅप उघडायलाच नको वाटतं. रोजची नवी कार्डं 20 वरून 8 वर आणली, तेव्हा कुठे जमलं.

माझी मोठी चूक म्हणजे कुणीतरी बनवलेला तयार संच उतरवून घेतला. त्यात कार्व्होनेनचं सूत्र, म्हणजे व्यायाम करताना मिनिटाला हृदयाचे ठोके किती असावेत हे काढायची रीत, अर्धवट होतं. वय 40, विश्रांतीची हृदयगती 70 धरा. 220 मधून 40 गेले, 180. त्यातून 70 गेले, 110. त्याचे 60 टक्के 66. कार्ड इथेच संपत होतं! नुसतं बसलेल्या माणसाचे ठोके 70 आणि व्यायाम करताना 66? शेवटी 70 परत मिळवायचे असतात, उत्तर 136. ते अर्धवट सूत्र मी तीन आठवडे घोकत होते आणि एकदाही खटकलं नाही. त्यानंतर प्रत्येक कार्ड स्वतः लिहिलं.

खरा दणका तिसऱ्या महिन्यात सराव परीक्षेत बसला. ‘व्यायाम करायला हवा हे कळतंय, पण सध्या जमत नाहीये,’ असं क्लायंट म्हणते. तुम्ही आधी काय कराल? वर्तनबदलाच्या पाचही पायऱ्या मला क्रमाने पाठ होत्या, ही दुसरी हेही ओळखलं. तरी मी आठवड्याचं वेळापत्रक आखून देण्याचा पर्याय निवडला. चूक. ती अजून विचारातच आहे; तिच्या मनातल्या दोन्ही बाजू तिलाच बोलू द्यायच्या. दुसऱ्या प्रश्नात जिना चढताना गुडघा दुखणारा माणूस होता. स्नायू आठवून मी व्यायाम सुचवला. निदान करणं ट्रेनरचं कामच नाही, त्याला डॉक्टरकडे पाठवायचं.

मग कार्डांची तऱ्हाच बदलली. पुढे क्लायंटचं वाक्य, मागे पहिलं पाऊल आणि त्यामागचं कारण. एकेक लिहायला दहा मिनिटं लागायची. माझा खरा अभ्यास त्या लिहिण्यातच झाला.

प्रत्यक्ष परीक्षा 150 प्रश्न, 3 तास. गुण फक्त 125 प्रश्नांना, पण ते कोणते हे कळत नाही, त्यामुळे एखादा विचित्र प्रश्न आला तर अडून बसू नका. पास व्हायला 800 च्या मोजपट्टीवर 500 लागतात. सरावातले टक्के त्याच्याशी ताडून बघू नका, मी उगाच घाबरले होते. सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) यांचं प्रमाणपत्र वेगळं लागतं. छाती दाबायचा सराव पुतळ्यावरच करायचा, त्यात अ‍ॅपचा काही उपयोग नाही.

परीक्षेनंतर स्नायूंची कार्डं पुसून टाकली. प्रसंगांची साठेक ठेवलीयत; क्लायंट काही नवं बोलला की एक वाढतं.