मियाटाबरोबरचे आठ महिने, साडेचौदाशेचं एस्टिमेट आणि एक ओ-रिंग

माझदा मियाटा, म्हणजे दोन सीटची छोटी उघडी स्पोर्ट्स कार, १९९२, १.६ इंजिन, पाच गिअर. मार्चमध्ये ४,२०० डॉलरला घेतली तेव्हा १ लाख १८ हजार मैल झाले होते. पॉप-अप हेडलाइट, गिअर पडण्याची मजा वगैरे सगळ्यांना पाठ आहे, त्यावर लिहीत नाही. या आठ महिन्यांत मी गाडी चालवली कमी आणि तिच्याखाली झोपलो जास्त, त्यामुळे लिहिणार ते ऑइलवरच.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरासमोर तिसऱ्याच दिवशी काळा डाग दिसला. आई तेव्हा साताऱ्याहून आलेली. सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर गेली आणि आत येऊन म्हणाली, "अरे, तुझी नवी गाडी ठिबकतेय. परात देऊ का खाली ठेवायला?" मामाकडे कास्ट आयर्न बुलेट होती, तो म्हणायचा की थेंब पडायचा थांबला तर समजायचं ऑइल संपलं. मीही तेच धरून चाललो. परातीऐवजी पुठ्ठा ठेवला आणि दुर्लक्ष केलं. मेमध्ये डिपस्टिक खालच्या खुणेच्याही खाली गेली आणि सकाळी सुरू करताना लिफ्टर (व्हॉल्व्ह ढकलणारे, ऑइलवर चालणारे भाग) टकटकायला लागले, तेव्हा घाबरलो. जेमतेम साडेतीन लिटर ऑइलचं इंजिन, त्यातलं लिटरभर पुठ्ठ्यावर.

गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली, बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या आवरणाच्या) तळाला बोट लावलं, ते फडक्याला पुसलं आणि निकाल दिला: रिअर मेन सील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं ऑइल सील. त्यासाठी पीपीएफ (गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल जोडणारी लांब फ्रेम) सोडवा, गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा, मग कुठे ते सील दिसणार. "एवढं उघडतोच आहोत तर क्लचही बदलून घ्या." एस्टिमेट १,४५० डॉलर, तपासणीचे ९० वेगळे. गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा! डॉलरला रुपयाने गुणायची सवय वीस वर्षांत गेलेली नाही, त्यामुळे मला रात्री झोप लागली नाही. पण खरा राग पैशांचा नाही. त्या माणसाने बॉनेट उघडलंच नाही. ऑइल वरून खाली वाहतं, एवढं तर पाचवीतल्या पोराला कळतं.

मग मी स्वतःच एक मूर्खपणा केला. लीक थांबवण्याची बाटली आणून ऑइलमध्ये ओतली. दोन आठवड्यांत पुठ्ठ्यावरचे डाग निम्मे झाले आणि मी चार मित्रांना छातीठोकपणे सांगून टाकलं की बारा डॉलरमध्ये काम झालं. ते शब्द मागे घेतो. त्या पंधरा दिवसांत गाडी दोनदाच बाहेर निघाली होती, हे बायकोने दाखवून दिलं. ती बाटली रबर थोडं मऊ करते, फुगवते. पण तीस वर्षं भाजून कडक झालेल्या रबराला फुगण्यासारखं उरलेलंच नसतं.

जूनमध्ये ऑइलमध्ये चमकणारा डाय घातला, वीस मैल फिरवली आणि रात्री गॅरेजचे दिवे बंद करून यूव्ही टॉर्च मारला. रिअर मेनपाशी प्रकाश दिसायच्या आधी सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला पिवळट-हिरवी रेघ पेटली. कॅम अँगल सेन्सरच्या (कॅमशाफ्ट किती फिरला ते इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगणाऱ्या सेन्सरच्या) बुडापासून ती सुरू होत होती, हेडच्या पाठीवरून ब्लॉकवर उतरत होती, बेलहाउसिंगच्या सांध्यावर पसरत होती आणि तळाला थेंब धरत होती. म्हणजे गॅरेजवाल्याने बोट लावलं ती शेवटची जागा, पहिली नव्हे.

हा सेन्सर असा अडचणीत का, हेही समजून घ्या. हे इंजिन मुळात माझदा ३२३ च्या घराण्यातलं. तिथे ते आडवं बसायचं, सेन्सरचं टोक एका बाजूला, हात सहज पोचायचा. मियाटात इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलं आणि ते टोक गेलं फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या, कुशीत. शिवाय हीटरचे होज तिथेच. त्यांच्यावर ऑइल ठिबकत राहिलं तर रबर फुगून मऊ पडतं. माझा एक होज चिमटीत धरला तर भिजलेल्या पावासारखा दबला. तोही बदलला.

काम तसं तासाभराचं, मला चार तास लागले. सेन्सर आणि हेड यांच्यावर मिळून पांढऱ्या पेन्टची एक आडवी रेघ मारा, हे विसरू नका, कारण सेन्सर फिरला की इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) फिरलं. १२ मिमीचा बोल्ट दिसत नाही, बोटांनी चाचपूनच काढावा लागतो. सेन्सर डावी-उजवी पिळत ओढला तेव्हा 'टप्' करून निघाला. त्याच्या खाचेतली, ऑइल अडवणारी रबरी ओ-रिंग गोल राहिलीच नव्हती, चपटी पट्टी झाली होती. नखाने उचलली तर बांगडीसारखी तुटली. नवीन रिंगला ऑइल चोळून बसवली, डायग्नोस्टिक डबीतल्या टेन आणि ग्राउंड या दोन पिना जोडून टायमिंग १० अंशांवर आणलं. खर्च? मिश्र मापांच्या काळ्या रिंगांचा डबा ८ डॉलरला, त्यातली एक. मी महिनाभर हवेत होतो.

ऑगस्टमध्ये पुठ्ठ्यावर पुन्हा थेंब. इथे माझं मत दुसऱ्यांदा बदललं. त्या डब्यातली रिंग साध्या नायट्राइल रबराची, शिवाय माप जवळपासचं, अचूक नव्हे. हेडमागे अडकलेली उष्णता नायट्राइलला फार काळ मानवत नाही. दोनशे अंशांच्या आसपास टिकणारी व्हायटनची रिंग, नेमक्या मापाची, टपालासकट ६ डॉलरला मिळते. मी आठ डॉलरचा डबा घेऊन पैसे वाचवले आणि सगळं काम दोनदा केलं. दुसऱ्या वेळी पन्नास मिनिटं लागली, एवढंच समाधान. त्याच दिवशी पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारा) काढून कानाशी हलवला. खुळखुळायला हवा तो, गप्प होता. तो तुंबला की क्रँककेसमधला दाब सीलांमधूनच वाट काढतो, म्हणून तोही नवा घातला.

आता नोव्हेंबर. डिपस्टिक वरच्या खुणेपासून हललेली नाही, सकाळची टकटक गेली. पूर्ण कोरडी मात्र नाही. व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात ओल आहे, गॅस्केटच्या कोपऱ्याला सिलिकॉनचा ठिपका लावला की तीही जाईल. थंडीत करणार नाही. रिअर मेन सील कंपनीतून आलं तसंच आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. न्यू जर्सीत २०१० पासून खासगी गाड्यांची यांत्रिक तपासणीच नाही, तेव्हा अडवणारंही कुणी नाही.

आई ऑक्टोबरमध्ये परत गेली. रविवारी फोनवर गुडघेदुखी सांगून झाल्यावर विचारते, "पुठ्ठा काढलास का रे?"

नाही काढला.