सह्याद्रीसाठी बूट: चामडी की हलके कापडी?

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाला निघणार असाल तर माझं मत सरळ आहे: जाळीदार कापडाचे, घोट्याखालचे हलके बूट घ्या. ओढा ओलांडताना पाणी वरूनच शिरतं, मग अस्तर वॉटरप्रूफ असो नाहीतर नसो. जाळीतून ते चालता चालता निघून जातं. चामडी बूट दिवसभर पचपचत राहतो.

चामडी बुटाची खरी गंमत हिमालयात, किंवा पाठीवर पंधरा किलोंची सॅक असताना. घोट्याला आधार मिळतो, धोंड्यांची टोकं तळव्याला टोचत नाहीत. पण तो पायात मुरवावा लागतो. आधी घरात, मग ऑफिसला, मग पर्वती, शेवटी सिंहगड. आणि हे सगळं ट्रेकला घालणार त्याच जाड मोज्यांवर. टाच हुळहुळायला लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची, फोडाची वाट बघत बसायचं नाही. भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. चुलीशेजारी ठेवलात तर चामडं तडकलंच म्हणून समजा. हलक्या बुटाला एवढे लाड लागत नाहीत, दोनचार फेऱ्यांत काम होतं.

खरेदी मात्र दोन्हींची संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. पुढे अंगठ्याएवढी जागा हवीच, नाहीतर उतारावर नखं काळीनिळी होतात.