जुनी येझदी: क्लब की ओळखीचा मेकॅनिक?
जुन्या येझदी मोटरसायकलचं उत्पादन म्हैसूरला 1996 मध्ये थांबलं, त्यामुळे खरी अडचण सुट्या भागांची. क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) क्लचकडचं रबरी सील वाळलं की इंजिन गिअर ऑइल ओढतं आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघतो. नवखा मेकॅनिक पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल, म्हणजे इंजिनचं वंगण, कमी करतो. धूर तसाच राहतो, वर पिस्टन जाम होतो. इथे येझदीवाल्यांचा क्लबच कामाला येतो: कुठलं सील टिकतं, कुठे मिळतं, हे जुन्या सभासदांना तोंडपाठ असतं.

फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट 0.4 मिमी ठेवणारा जाणता माणूस जवळ असेल, तर क्लबच्या वर्गणीची घाई नको. आधी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवसाला, म्हणजे जावा-येझदीवाल्यांच्या मेळाव्याला, जा. दहा गाड्या शेजारी पाहिल्या की आपल्या गाडीत काय बदललंय ते कळतं.