गिअरबॉक्सचा कोड: ब्लूटूथ डोंगल की गॅरेजचा स्कॅनर?

आंबा घाट चढताना आमच्या ऑटोमॅटिकचा चेक इंजिन लाइट पेटला आणि गाडी एकाच गिअरात अडकली (लिंप मोड म्हणतात त्याला), कशीबशी कोल्हापुरात आणली. घरात ईएलएम३२७ वालं डोंगल (गाडीतल्या बिघाडाचे कोड ब्लूटूथनं मोबाईलवर दाखवणारं) होतंच, स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटला लावलं, मोबाईलवर आला पी०७००. आता हितंच गंमत आहे भावा, पी०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या कंप्युटरनं इंजिनच्या कंप्युटरला नुसती हाक मारलीय की माझ्याकडं कायतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते त्यात नसतंय. खरा कोड टीसीएममध्ये, म्हणजे त्या गिअरबॉक्सच्या कंप्युटरातच, आणि स्वस्तातली डोंगलं बऱ्याचदा तिथवर पोचतच नाहीत.

उद्यमनगरात एका गॅरेजवाल्यानं मोठा स्कॅनर लावला तर पी०७१५ निघाला, म्हणजे इनपुट स्पीड सेन्सरची (गिअरबॉक्सात येणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारा) लाइन. शिवाय लाइव्ह डेटात त्या सेन्सरचा आकडा मधेच शून्यावर पडताना दिसला. शेवटी काय, कनेक्टर सैल! स्कॅनिंगचे पैसे गेले, पण उगं गिअरबॉक्स उतरवण्यापेक्षा परवडलं की.

डोंगल टाकाऊ नाही हं, इंजिनचे कोड बघायला झकास. फक्त लिहून घ्यायच्या आधी कोड पुसू नका, फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाचे नोंदलेले आकडे) पण जाते त्याच्यासोबत.